घराखालची माती: शेतजमीन आणि घरं यांचं गणित कुठे चुकतं

शहराच्या कडेला एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पाचं काम सुरू होतं, तेव्हा पाया खणायच्याही आधी एक काम उरकलं जातं. जेसीबी येतो आणि जमिनीचा वरचा वीत-दीड वीत थर खरवडून एका कडेला त्याचा ढीग घालतो. हा थर काळपट, भुसभुशीत, मुळांच्या धाग्यांनी भरलेला असतो. बांधकामवाल्याला तो नको असतो, कारण तो दबतो, पाणी धरून ठेवतो आणि त्यावर पाया टिकत नाही. शेतकऱ्याच्या लेखी मात्र शेत म्हणजे तेवढाच थर. त्याखालचा मुरूम आणि खडक सातजन्मी नांगरला तरी त्यातून काही उगवायचं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या म्हणण्यानुसार दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. ढीग दुपारच्या जेवणाआधी तयार होतो.

या ढिगाभोवती दोन बातम्या फिरत असतात, कित्येकदा एकाच दिवशी आणि एकाच पानावर. एक म्हणते, घरं परवडेनाशी झाली आहेत, बांधकाम वाढवा. दुसरी म्हणते, सुपीक जमीन शहरं गिळत चालली आहेत, बांधकाम थांबवा. वाचणारा बुचकळ्यात पडतो, कारण दोन्ही बातम्या खऱ्या असतात. लोकांना घरं हवीत, भाडी झेपत नाहीत, कामाच्या ठिकाणापासून दोन-दोन तासांवर राहावं लागतं, हे कोणी नाकारू शकत नाही. आणि जेवायला तर सगळ्यांनाच लागतं. माझ्या मते घोळ होतो तो दोन्ही बाजू 'किती जमीन' यावरच भांडत बसतात म्हणून. कोणती जमीन, कोणत्या आकाराने जाते आणि तिच्या वाढलेल्या भावाचा पैसा कुणाच्या खिशात पडतो, हे तीन प्रश्न त्याहून फार महत्त्वाचे आहेत.

शहर नेमकं चांगल्याच जमिनीवर का चढतं?

धान्य वाहून नेणं अवघड होतं त्या काळात माणसं जिथे पिकत होतं तिथेच वसली. नदीकाठचा गाळ, सपाट रान, हाताशी पाणी. तिथे बाजार भरू लागला, बाजाराचं गाव झालं, गावाचं शहर झालं. आज ते शहर फुगतंय ते स्वतःच्याच कोठारावर.

योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन नावाच्या एका जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये याचं साधं चित्र मांडलं होतं. मधोमध शहर, भोवती वर्तुळं. शहराला खेटून भाजी आणि दूध, त्यापलीकडे सरपणाचं जंगल, मग धान्य, आणि सगळ्यांत लांब गुरं. कारण उघड आहे. गाडीभर पालेभाजी दोन दिवसांच्या वाटेवरून आणली तर विकायला काही उरत नाही. गुरं मात्र स्वतःच्या पायांनी चालत येतात. रेल्वे, ट्रक आणि शीतगृहं आल्यावर ही वर्तुळं पुष्कळ विस्कटली, तरी शहराच्या कडेला ओलिताखालची, निगा राखलेली, वर्षातून दोन-तीन पिकं देणारी जमीन असणं हे आजही जगभर दिसतं.

त्यात आणखी एक गंमत. बांधायला सोपी जमीन कोणती? सपाट, पाण्याचा निचरा होणारी, रस्त्याजवळची, पाण्याची सोय असलेली. आणि पिकायला चांगली जमीन कोणती? जवळजवळ हीच यादी. त्यामुळे एकाच तुकड्याला दोन गिऱ्हाईकं मिळतात आणि त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा कित्येक पट श्रीमंत असतं.

'पण अशी जाते तरी किती जमीन?'

हा आक्षेप वरवरचा नाही, आकडे त्याच्या बाजूने आहेत. जगात शेती आणि चराई मिळून सुमारे ४८० कोटी हेक्टर जमीन वापरात आहे. त्यातली दोन-तृतीयांश गवताळ रानं, म्हणजे पिकांखाली साधारण १६० कोटी हेक्टर. याच्यापुढे शहरं आणि गावं मिळून व्यापलेली जमीन फारच थोडी आहे. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की २०३० पर्यंत शहरांच्या वाढीखाली जगातली १.८ ते २.४ टक्के पिकाऊ जमीन जाईल. दोन टक्के! एवढ्यासाठी एवढा आरडाओरडा?

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही. जाणारी ही जमीन जगाच्या सरासरीपेक्षा १.७७ पट जास्त पिकणारी आहे, आणि तिचा चार-पंचमांश भाग आशिया आणि आफ्रिकेतला आहे. स्वयंपाकघरातल्या पन्नास भांड्यांपैकी एक गेलं तर दोनच टक्के नुकसान झालं असं म्हणता येईल. पण ते एक भांडं रोजचा कुकर असला तर?

शिवाय गेलेलं पीक थांबत नाही, ते सरकतं. खाणारी तोंडं तेवढीच राहतात, म्हणून तेवढं धान्य दुसरीकडे पिकवावं लागतं: चढाच्या जमिनीवर, कमी पाण्याच्या रानात, कधी जंगल किंवा कुरण मोडून. सरासरी प्रतीची जमीन मिळाली तरी गेलेल्या एका हेक्टरच्या भरपाईला पावणेदोन हेक्टर लागतात. म्हणजे शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या वसाहतीची सावली शेकडो किलोमीटर लांबच्या जंगलावर पडते, आणि ती कुठल्याच नकाशात दिसत नाही.

चीनने हे अनुभवलंय. तिथे पिकाऊ जमीन १८० कोटी मूच्या खाली जाऊ द्यायची नाही, अशी 'लाल रेषा' आखलेली आहे (मू म्हणजे हेक्टरचा पंधरावा भाग, तेव्हा ही रेषा १२ कोटी हेक्टरची). जोडीला नियम असा की बांधकामासाठी जेवढी शेतजमीन घ्याल तेवढी नवी दुसरीकडे तयार करून द्या. हिशेबाच्या वहीत क्षेत्रफळ जुळत राहिलं. प्रत्यक्षात शहरांजवळची पाणथळ, सुपीक भातशेती गेली आणि तिच्या बदल्यात बऱ्याच ठिकाणी उत्तरेकडची कोरडी, थंड, हलकी जमीन जमेला धरली गेली. हेक्टरला हेक्टर, पण पोत्याला पोतं नाही. पुढे तिथल्या सरकारनेही संख्येबरोबर प्रत बघायला सुरुवात केली ती यामुळेच.

माती 'बंद' होते म्हणजे काय?

जमिनीवर डांबर, काँक्रीट, फरशी घातली की तज्ज्ञ तिला 'आच्छादित मृदा' म्हणतात. मी तिला बंद झालेली माती म्हणेन. हवा आणि पाणी यांची ये-जा थांबते. पावसाचं जे पाणी मुरून विहिरींना मिळायचं ते गटारात धावतं, आणि खालच्या वस्तीत पूर येतो.

पुढे कधी काँक्रीट उखडलं तर शेत परत मिळेल का? इथे सुरुवातीच्या त्या ढिगाकडे पुन्हा बघू. चांगल्या मातीचं जवळपास अर्धं आकारमान पोकळ्यांचं असतं. काही पोकळ्यांत पाणी, काहींत हवा. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही तो याच पोकळ्या जपायला. ओल्या जमिनीत नांगर घातला तर ढेकळं विटांसारखी होतात. आता त्याच ओल्या जमिनीवरून वीस-वीस टनांचे डंपर महिनोन्‌महिने फिरल्यावर काय होत असेल? पोकळ्या मिटतात, गांडुळं मरतात, मुळांना वाट राहत नाही. उंच रचलेल्या ढिगाच्या पोटात हवाच पोचत नाही, तिथली माती आंबते आणि तिला कुबट वास यायला लागतो. इमारत नसलेल्या भागातलीही जमीन बांधकामाच्या काळात अशी दबून जाते. नव्या घराच्या अंगणात झाड का धरत नाही, असं विचारणाऱ्यांना बहुधा याचंच उत्तर हवं असतं.

म्हणून काही देशांनी वस्ती आणि रस्त्यांखाली रोज किती नवी जमीन जाते याचाच हिशेब ठेवायला घेतला. जर्मनीने हा वेग दिवसाला ३० हेक्टरच्या खाली आणायचं ठरवलं. मुदत आधी २०२० ची होती, ती हुकली, आता २०३० ची आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदाच केला: आधीच्या दशकाच्या तुलनेत या दशकात वेग निम्मा, आणि २०५० पर्यंत जेवढी जमीन बंद कराल तेवढी दुसरीकडे मोकळी करा. गावोगावच्या महापौरांनी त्याविरुद्ध काहूर उठवलं हे वेगळं सांगायला नको.

एक टुमदार बंगला आणि वीस एकर शिवार

मोठ्या वसाहती डोळ्यांत भरतात. मला जास्त धोकादायक वाटतात ती विखुरलेली एकेकटी घरं.

समजा, वीस एकरांच्या सलग शिवारात कोणीतरी मधोमध अर्धा एकर घेऊन घर बांधलं. कागदावर अर्धाच एकर गेला. पण घरापर्यंत रस्ता लागतो. तो रस्ता पाण्याचा जुना पाट तोडतो, किंवा पावसाळ्यात निचरा होणारा चर बुजवतो, आणि वरच्या अंगाच्या दोन शेतांत पाणी साचू लागतं. ट्रॅक्टरला सरळ तास मिळत नाही, घराला वळसा घालावा लागतो. घरातले लोक सज्जन असतात, पण पहाटे पाचला सुरू होणारं इंजिन, शेणखताचा वास, फवारणीच्या दिवशीचा वारा हे सगळं त्यांना नव्यानेच कळतं. तक्रारी सुरू होतात. शेतकऱ्याच्या शेळ्यांवर घरातली कुत्री सुटतात. सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे यावरून वाद होतो. दोन वर्षांनी शेजारचा शेतकरी कंटाळून आपलाही तुकडा विकतो, आणि दुसरं घर येतं. अर्ध्या एकराने वीस एकरांची शेती अशी पोखरली जाते. कापडाला सुईएवढं भोक पडलं तरी कपडा वापरता येतो. छत्रीला पडलं तर येत नाही. सलग शिवार छत्रीच्या जातीचं आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताला हा अनुभव उलट्या बाजूने आला. प्रांताने १९७३ मध्येच शेतीसाठी राखीव क्षेत्र ठरवलं. आज ते सुमारे ४७ लाख हेक्टर, म्हणजे प्रांताच्या भूभागाच्या जेमतेम पाच टक्के आहे. बाकी डोंगर आणि जंगल. राखीव जमिनीवर वसाहत बांधता येत नव्हती, पण शेतकऱ्याचं घर बांधता येत होतं. झालं, पैसेवाल्यांनी शेतं घेऊन त्यावर राजवाड्यांसारखी घरं बांधली आणि नावाला थोडंफार पीक दाखवलं. अखेर २०१९ पासून अशा जमिनीवरच्या घराला ५०० चौरस मीटरची मर्यादा घालावी लागली. पाचशे चौरस मीटर हेही काही झोपडं नव्हे.

खरी ओढ भावातल्या फरकाची

आता सगळ्यांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे. शेताची किंमत त्यात किती पिकतं यावरून ठरली तर ती एक असते. त्याच शेताला बिगरशेती परवानगी मिळाली तर ती एका सहीनिशी दुसरीच होते. लंडन सोडून उरलेल्या इंग्लंडमध्ये सरकारी अंदाजांनुसार हा फरक सरासरी शंभरपटीच्या आसपास गेलेला आहे. मातीत काही बदललं नाही, नांगर तोच, पाऊस तोच. बदलला फक्त कागद.

परवानगी मिळालेली नसताना, नुसती मिळेल या आशेवर भाव चढतो त्याला अर्थतज्ज्ञ 'आशेचं मूल्य' म्हणतात. लॉटरीच्या तिकिटासारखं: सोडत झालेली नाही, पण लागण्याची शक्यता दिसू लागली की तिकीटच चढ्या भावाने विकलं जातं. याचा शेतीवर होणारा परिणाम जेसीबी यायच्या कितीतरी आधी सुरू होतो. जमीन पाच-दहा वर्षांत जाणारच, असं मनाने घेतलं की शेतकरी फळझाडं लावत नाही, कारण ती धरायला तेवढीच वर्षं लागतात. शेणखतावर खर्च करत नाही. निचऱ्याचे चर साफ करत नाही. जमीन गुंतवणूकदाराने घेतलेली असेल तर ती वर्षाच्या कराराने खंडाने दिली जाते, आणि एका वर्षासाठी घेतलेल्या रानात कोणी जीव ओतत नाही. मग कोणीतरी येऊन म्हणतो, 'बघा, ही तर पडीक जमीन आहे, इथे घरं बांधायला काय हरकत आहे?'

नव्याने शेती करू बघणाऱ्या तरुणाला तर अशा भागात जमीन घेणं अशक्यच. पीक काढून त्या भावाचं व्याजही फिटत नाही.

हा फरक केवढा मोह पाडतो ते कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतात दिसलं. तिथे २००५ मध्ये शेती आणि जंगलाचा एक संरक्षित हरितपट्टा आखण्यात आला होता. २०२२ च्या अखेरीस प्रांतिक सरकारने त्यातल्या पंधरा जागा, सुमारे ७,४०० एकर, पन्नास हजार घरांसाठी मोकळ्या केल्या. घरांची टंचाई खरीच होती. पण सरकारच्याच गृहनिर्माण कृतिगटाने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सांगितलं होतं की जमिनीचा तुटवडा हे टंचाईचं कारण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला: या निर्णयाने त्या जमिनींच्या मालकांचा ८.३ अब्ज कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त फायदा होऊ शकतो. एकही वीट रचली गेली नव्हती. दीड महिन्यात प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी माफी मागितली आणि निर्णय मागे घेतला.

'घरांची गरज' हे शब्द कानावर पडले की मी आता आधी जमीन कोणाची आहे ते बघतो. अर्थात उलटंही तेवढंच खरं. 'शेतजमीन वाचवा'ची पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्यांत स्वतःचं घर आधीच झालेले, आणि समोरचा देखावा बिघडू नये असं वाटणारे पुष्कळ असतात. शेताशी त्यांचा संबंध खिडकीपुरता असतो.

'मग शेतजमिनीवर बांधायला सरळ बंदी घाला'

इजिप्तने घातली. तिथली सुमारे ९५ टक्के लोकसंख्या देशाच्या पाचेक टक्के भूभागावर, नाईलच्या काठाने आणि मुखाशी दाटलेली आहे, बाकी वाळवंट. नाईलच्या गाळाच्या मातीच्या लाल विटा पाडून त्याच शेतात घरं उभी राहायची, म्हणजे जमीन दोनदा जायची. १९८५ मध्ये शेताची वरची माती विटांसाठी काढायला बंदी आली, १९९६ मध्ये शेतजमिनीवर बांधकाम करण्याविरुद्ध कडक आदेश निघाला. तरी घरं होत राहिली. भावाचं लग्न ठरलं की वडिलांच्या शेतात आणखी एक मजला, आणखी एक खोली. सरकारी यंत्रणा २०११ च्या उठावानंतर ढिली पडली तेव्हा तर या बांधकामांना ऊत आला.

याच्या जोडीला इजिप्तने लोक नेहमी सुचवतात तेही करून पाहिलं: नापीक जागेवर घरं. १९७० च्या दशकापासून वाळवंटात नवी शहरं वसवली. रस्ते रुंद, इमारती नव्या, माती वाया जात नव्हती. पण ठरवलं होतं तेवढे लोक अनेक शहरांत कित्येक वर्षं गेलेच नाहीत. काम जुन्या शहरात, नातेवाईक जुन्या गावात, रोजचा प्रवास परवडेना. घर म्हणजे चार भिंती असत्या तर प्रश्न केव्हाच सुटला असता. घर म्हणजे कामापासूनचं अंतर.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. १९४७ च्या कायद्याने तिथे परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलता येईनासा झाला आणि पुढे मोठ्या शहरांभोवती हरितपट्टे आखले गेले. आज इंग्लंडची सुमारे १३ टक्के जमीन अशा पट्ट्यांत आहे. शहरं पसरायची थांबली हे खरं. पण पट्ट्याच्या आत पुरेशी घरं झाली नाहीत, म्हणून लोक पट्टा ओलांडून पलीकडच्या गावांत राहायला गेले आणि रोज त्यातून ये-जा करू लागले. आणखी एक गोम अशी की हे पट्टे मातीची प्रत बघून आखलेलेच नव्हते. त्यांचा मुख्य हेतू शहरं पसरू नयेत आणि एकमेकांना चिकटू नयेत हा. जमिनीची एक ते पाच अशी प्रतवारी तिथे आहे, पण ती निराळ्या कागदावर. त्यामुळे पट्ट्यातलं हलकं रान सुरक्षित आणि पट्ट्याबाहेरचं पहिल्या प्रतीचं शेत उघड्यावर, असंही घडतं.

मला यातला सगळ्यांत समंजस प्रयोग वाटतो अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा. १९७३ मध्ये तिथे कायदा झाला की प्रत्येक शहराने आपली वाढीची सीमा आखायची. सीमेबाहेर शेती आणि जंगल. पण त्याच कायद्याच्या व्यवस्थेत दुसरी अट आहे: सीमेच्या आत पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागा असलीच पाहिजे, आणि ती ठरावीक वर्षांनी मोजून बघायची. कुंपण घातलं, पण त्याला फाटकही ठेवलं, आणि फाटक कधी उघडायचं हे पुढाऱ्याच्या लहरीवर न सोडता मोजणीवर सोडलं. भाव तरीही चढलेच. म्हणून २०१९ मध्ये राज्याने पुढचं पाऊल टाकलं: जिथे एका भूखंडावर एकच घर अशी सक्ती होती, तिथे दहा हजारांवर वस्तीच्या शहरांत दोन आणि मोठ्या शहरांत चारपर्यंत घरं बांधायला मुभा दिली.

'म्हणजे उंच टॉवर बांधा, हेच ना?'

टॉवरची गरज पडत नाही. हिशेब करून बघा. एक हजार घरं बांधायची आहेत. सुटी घरं, प्रत्येकाला अंगण आणि आतले रस्ते धरून हेक्टरी वीस घरं बसली तर ५० हेक्टर लागतात. तीन-चार मजली, एकमेकांना लागून असलेल्या इमारतींमध्ये हेक्टरी शंभर बसवली तर १० हेक्टर. वाचले ४० हेक्टर. धान्याची जागतिक सरासरी हेक्टरी सुमारे चार टन धरली तर त्यावर वर्षाला १६० टन धान्य होतं, म्हणजे हजारेक माणसांची वर्षाची बेगमी. आणि हा फरक तीन-चार मजल्यांतच पडतो. पुढे मजल्यावर मजले चढवत गेलात तर जमीन आणखी वाचते, पण फार थोडी, कारण पन्नास हेक्टरांचे दहा होतात तेव्हा चाळीस वाचतात आणि दहाचे पाच होतात तेव्हा पाचच.

शहराच्या आतल्या बंद गिरण्या, ओस गोदामं, एकमजली दुकानांच्या रांगा, कुलूपबंद घरं यांचा हिशेब वेगळाच. स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीपुरती वापरायची घरं डोंगराळ गावांत इतकी वाढली की २०१२ मध्ये सार्वमत झालं, आणि ज्या गावात अशी दुय्यम घरं वीस टक्क्यांवर गेली आहेत तिथे नवी बांधायला बंदी आली. वर्षातले अकरा महिने बंद राहणाऱ्या घरासाठी माती बंद करू नये, एवढाच त्यामागचा विचार.

'उत्पादन तर वाढतंच आहे. आणि नसलं तर बाहेरून आणू'

१९६१ पासून जगाचं धान्योत्पादन तिपटीहून जास्त झालं आणि धान्याखालची जमीन त्या मानाने जेमतेम वाढली. हे सुधारित बियाणं, खतं आणि पाणी यांचं श्रेय. पण ही वाढ सर्वांत जास्त दिसते ती चांगल्या, ओलिताखालच्या जमिनीवर. खडकाळ रानात तेच बियाणं ती करामत करत नाही. इमारतीत दिव्यांखाली पिकवणारी शेती पालेभाजीला ठीक आहे. गहू-तांदूळ त्या विजेच्या बिलात कधी बसलेले नाहीत.

आयातीचं म्हणाल तर सुकाळात ती उत्तम चालते. २००७-०८ मध्ये जगात तांदूळ महागला तेव्हा निर्यात करणाऱ्या देशांनी आधी आपली दारं लावली, आणि पैसे हातात घेऊन उभे असलेले देश ताटकळले. स्वित्झर्लंडसारखा श्रीमंत देशही म्हणूनच बाजारावर भरवसा ठेवून बसलेला नाही. तिथे १९९२ मध्ये ठरलं की देशाने सुमारे ४ लाख ३८ हजार हेक्टर उत्तम पिकाऊ जमीन कायम राखायची, आणि प्रत्येक राज्याला आपापला वाटा नेमून दिला. सीमा बंद झाल्या तर लोकांना जगवायला किती जमीन लागेल, असा उलटा हिशेब मांडून हा आकडा काढलेला आहे.

'जमीन शेतकऱ्याची. त्याने विकू नये, हे सांगणारे तुम्ही कोण?'

या आक्षेपाला टाळून कोणतंही धोरण टिकत नाही. शेतकऱ्याला पेन्शन नसते. म्हातारपण, आजारपण, मुलांची शिक्षणं, सगळ्यांची शेवटची हमी म्हणजे जमीन. शहरातल्या लोकांनी आपली घरं चढ्या भावाने विकावीत आणि शेतकऱ्याने मात्र जगाच्या पोटासाठी आपला भाव सोडावा, हा न्याय नव्हे.

वॉशिंग्टन शहराशेजारच्या माँटगोमेरी परगण्याने १९८० मध्ये यावर एक तोड काढली. ९३ हजार एकर शेती राखीव केली आणि तिथे पंचवीस एकरांमागे एकच घर बांधता येईल असा नियम केला. पण प्रत्येक पाच एकरांमागे शेतकऱ्याला बांधकामाचा एक हक्क कागदावर दिला. हा हक्क तो आपल्या शेतात वापरू शकत नाही, पण विकू शकतो. परगण्याच्या ठरावीक, रस्ते-पाणी असलेल्या भागात जास्त घरं बांधायची असतील तर बिल्डरने तो विकत घ्यायचा. जमीन शेतकऱ्याकडे, पैसेही शेतकऱ्याकडे, आणि घरं जिथे हवीत तिथे. याला टीडीआर म्हणतात, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. यातही एक फट आहे. ज्या वस्तीत हे जादा मजले चढतात तिथले रहिवासी 'आमच्याकडेच का' म्हणून उठतात, आणि त्यांच्या दबावाने हक्कांना गिऱ्हाईक कमी केलं की शेतकऱ्याच्या हातात नुसता कागद उरतो. शेत वाचवायचं तर शहरातल्या शेजाऱ्याला चौथा मजला सहन करावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

राहता राहिला तो ढीग. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामातून निघालेली चांगली माती फेकता येत नाही, ती जास्तीत जास्त प्रमाणात पुन्हा वापरावी लागते. कोरड्या दिवसांत ती उचलतात, झिजलेल्या किंवा पूर्वी खणून खराब झालेल्या एखाद्या रानात नेऊन हलक्या यंत्राने पसरतात, आणि मग तिथे नांगर घालत नाहीत. पहिली काही वर्षं फक्त गवत आणि लसूणघास. गुरंही सोडत नाहीत, कारण त्यांच्या खुरांनी माती पुन्हा दबते. मुळं खाली उतरायची, गांडुळं परत यायची, मिटलेल्या पोकळ्या पुन्हा उघडायच्या वाट बघत शेतकरी बांधावर थांबतो.